कर्जत ते लोणावळा एवढे एक वर्तुळ

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबते, बटाटेवड्याच्या आरोळ्या सुरू होतात आणि गाडीच्या शेपटाला हलका धक्का बसतो. मागे दोन-तीन इंजिने जोडली गेलेली असतात. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात. ही इंजिने गाडीला मागून रेटा देत लोणावळ्यापर्यंत आणतात आणि तिथे सुटी होतात. रुळाने हे अंतर २८ किलोमीटर आहे आणि गाडीला ते कापायला पाऊण तास तरी लागतो.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली सर्न या संस्थेचा जो प्रचंड कणवेगवर्धक आहे, त्याचा परीघ २६.७ किलोमीटर आहे. म्हणजे कर्जत-लोणावळा अंतराहून जेमतेम सव्वा किलोमीटर कमी. त्यात फिरणारा प्रोटॉन एवढी वाट एका सेकंदात अकरा हजारांहून अधिक वेळा पुरी करतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले तेव्हा आम्हांला केवळ गंमत वाटली होती. पुढे वाचत गेलो तसे ध्यानात आले की या दोन वाटांचे नाते लांबीपुरते नाही. वेग किंवा ताकद निर्माण करणे हा दोहोंच्या इतिहासातला सोपा भाग आहे. अवघड भाग आहे तो निर्माण झालेले बळ काबूत ठेवण्याचा, आणि त्याविषयी मराठीत फारसे कोणी लिहीत नाही. हा लेख त्या दुसऱ्या भागाविषयी आहे. आम्ही मराठीचे अध्यापक, पदार्थविज्ञानाचे नव्हे. तेव्हा गणिताच्या वाटेला जाणार नाही.

प्रथम घाट. भोर घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये गाड्या धावू लागल्या. चढ ३७ फुटांत एक फूट. पंचवीस बोगदे. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथेच आजारी पडून वारला आणि त्याच्या पश्चात त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम चालवले, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच घाटात पटकीने आणि अपघातांनी मेलेल्या हजारो मजुरांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत. खंडाळ्याखाली 'रिव्हर्सिंग स्टेशन' होते. तिथे गाडी डोंगराच्या टोकाशी येऊन थांबे, इंजिन एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला लावले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले.

परंतु घाटाची खरी कसोटी चढताना लागत नाही. चढाला ताकद कमी पडली तर आणखी एक इंजिन जोडता येते. उतारावर सुटलेल्या गाडीला जादा इंजिनाचा उपयोग नाही. म्हणून घाटात 'कॅच साइडिंग' असते. मुख्य रुळातून फुटून उलट चढावर जाऊन संपणारा हा आंधळा रूळ. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळातच या आंधळ्या रुळाकडे वळवून ठेवलेला असतो. गाडी अलीकडे येऊन नीट थांबली, म्हणजे ब्रेक धरताहेत हे तिने सिद्ध केले, की मगच सांधा सरळ होतो आणि पुढची वाट मिळते. गाडी बेकाबू आहे असे कोणी ओळखावे आणि मग काही करावे, अशी ही व्यवस्था नाही. गाडी बेकाबू आहे हेच गृहीत, आणि ती काबूत असल्याचा पुरावा देणे गाडीकडे. या सांध्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता कणांकडे. १९३१ मध्ये अर्नेस्ट लॉरेन्स आणि त्याचा विद्यार्थी लिव्हिंगस्टन यांनी कॅलिफोर्नियात तळहातावर मावेल एवढा सायक्लोट्रॉन चालवून दाखवला. चुंबकाने कणाला गोल फिरवायचे आणि प्रत्येक अर्ध्या फेरीला विजेचा एक धक्का द्यायचा, एवढीच कल्पना. त्या खेळण्यातून ८० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे कण निघाले. पुढची काही वर्षे चुंबक मोठे मोठे होत गेले. १९३७ मध्ये बेथे आणि रोझ यांनी दाखवून दिले की ही वाढ फार काळ चालणार नाही. कण वेगवान झाला की सापेक्षतेच्या नियमाने जड होतो, त्याला फेरीस अधिक वेळ लागू लागतो आणि विजेचा धक्का त्याच्या आधीच येऊन गेलेला असतो. ताल चुकतो. लॉरेन्सच्या प्रयोगशाळेला ही भविष्यवाणी रुचली नव्हती, हे सांगायला नकोच.

यातून सुटका झाली ती १९४४ मध्ये मॉस्कोत व्लादिमीर वेक्सलरकडून, आणि त्याचे लिखाण न पाहता १९४५ मध्ये अमेरिकेत एडविन मॅकमिलनकडून. दोघांच्या कल्पनेचा गाभा असा. धक्का देणारे विद्युत्क्षेत्र सतत कमीअधिक होत असते. ज्या कणाजवळ ऊर्जा जास्त, तो बाहेरच्या लांब वाटेने जातो, उशिरा पोहोचतो आणि तोवर क्षेत्र ओसरू लागल्याने त्याला धक्का कमी बसतो. ज्याच्याजवळ ऊर्जा कमी, तो आतल्या जवळच्या वाटेने लवकर येतो आणि त्याला धक्का जास्त मिळतो. योग्य क्षणाच्या मागेपुढे हेलकावत का होईना, सगळे कण एकत्र राहतात. देहूहून निघालेल्या पालखीत दिंड्यांचा क्रम राखायला चोपदार लागतात. पुढे गेलेल्याला ते थांबवतात, रेंगाळलेल्याला हाकारतात. येथे चोपदार नाही. वाटेची रचनाच चोपदाराचे काम करते. मॅकमिलनने वेक्सलरचा अग्रक्रम मोकळेपणाने मान्य केला. ते दिवस दोन महासत्तांमधल्या संशयाचे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या औदार्याचे मोल कळते.

वेक्सलरच्याच विचारातून मायक्रोट्रॉन नावाचे इलेक्ट्रॉनांचे छोटे यंत्र निघाले. असे एक यंत्र, ८० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे, पुणे विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान विभागात तिथल्याच अध्यापकांनी १९८० च्या सुमारास उभे केले. त्याच विद्यापीठाच्या मराठी विभागाच्या वाऱ्या केलेल्या आमच्यासारख्या कितीजणांना याचा पत्ता होता? आम्हांला तरी नव्हता.

ताल राखणे ही अर्धी गोष्ट झाली. कण पुढेमागे सरकतो तसा डावी-उजवीकडे आणि वर-खालीही भरकटतो. प्रारंभीच्या यंत्रांत चुंबकाचे क्षेत्र बाहेरच्या बाजूला किंचित क्षीण ठेवून कणांना हळुवारपणे मध्याकडे आणत. पण हळुवार आवर म्हणजे मोठे हेलकावे, आणि मोठ्या हेलकाव्यांसाठी मोठी नळी, मोठे चुंबक, अधिक पोलाद. १९५२ मध्ये ब्रुकहेवन येथे कूरंट, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांना सुचले की एका चुंबकाने आडव्या दिशेत कण गोळा करावेत आणि उभ्या दिशेत ते पसरले तरी पसरू द्यावेत. पुढच्या चुंबकाने नेमके उलट करावे. दोहोंचा एकत्र परिणाम म्हणजे दोन्ही दिशांनी घट्ट आवर. नळी एकदम टीचभर झाली. जिनिव्हाच्या मंडळींनी आपला आधीचा आराखडा बाजूला सारून ही कल्पना उचलली आणि १९५९ मध्ये त्यांचे यंत्र चालू झाले.

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. हीच कल्पना त्याआधी दोन वर्षे अथेन्समधल्या निकोलस क्रिस्टोफिलोस नावाच्या अभियंत्याला सुचली होती. लिफ्ट बसवण्याचा व्यवसाय करीत त्याने पदार्थविज्ञान स्वतःच्या बळावर वाचले होते. त्याने अमेरिकेच्या प्रयोगशाळेला लिहूनही कळवले. कोणी लक्ष दिले नाही. पुढे छापील निबंध पाहून तो हक्क सांगत आला, तेव्हा त्याचे श्रेय मान्य झाले आणि त्याला ब्रुकहेवनमध्येच काम मिळाले. विद्यापीठाबाहेरच्या माणसाच्या लिखाणाची वाट कशी लागते, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

घट्ट आवराबरोबर नवा धोका आला. झोपाळ्याला त्याच्या लयीत दर खेपेस बोटभर ढकलले तरी थोड्या वेळात तो कडीपाटाला लागतो. वर्तुळातला कोणताही चुंबक केसभर तिरका असला की त्याच्यापाशी कणाला दर फेरीस बोटभर धक्का बसतो. कणाचे हेलकावे फेरीच्या हिशेबात नेमके पूर्णांकाने बसले, तर प्रत्येक धक्का आधीच्या धक्क्यात मिळत जातो आणि काही हजार फेऱ्यांत, म्हणजे सेकंदाच्या लहानशा अंशात, कण भिंतीला जाऊन भिडतो. म्हणून हेलकाव्यांचा आकडा पूर्णांक, अर्धा, एकतृतीयांश अशा सोप्या अपूर्णांकांपासून दूर ठेवावा लागतो. संगीतात ज्या सोप्या गुणोत्तरांतून स्वरसंवाद जन्मतो, तीच येथे घातक ठरतात. आम्हांला हे वाचून जरा वाईट वाटले.

इथवर प्रत्येक कण एकटा होता. यंत्राचा उपयोग मात्र कणांच्या संख्येवर ठरतो, आणि संख्या वाढली की प्रकरण निराळेच वळण घेते. कण पुंजक्यांनी धावतात. पुंजका नळीतून जाताना भिंतीत, आणि विशेषतः धक्का देणाऱ्या धातूच्या पोकळ्यांत, स्वतःच्या विद्युत्क्षेत्राचा ठसा मागे ठेवतो. मागून येणारा पुंजका त्या ठशात सापडतो, किंचित ढळतो आणि तिसऱ्यासाठी अधिक खोल ठसा ठेवून जातो. शास्त्रीय परिभाषेत याला 'अस्थैर्य' म्हणतात. बरोबर आहे, पण शब्द निर्जीव आहे. बैलगाड्यांनी मातीत पाडलेल्या खोल रेघेला मावळात अजून 'चाकोरी' म्हणतात. पुढच्या गाडीचे चाक आपोआप तीत उतरते आणि ती आणखी खोल करते. मराठीने या शब्दाला लाक्षणिक अर्थ दिला तो ठरीव, सुरक्षित जगण्याचा. कणांच्या जगात चाकोरी हाच मृत्यू आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी कोशाऐवजी कधी शेताच्या बांधाकडे पाहिले असते, तर असे शब्द हाती लागले असते, असे आमचे मत आहे.

यंत्राची मर्यादा येथे ठरते. ऊर्जा वाढवायला चुंबक आणि वीज पुरते. एकाच वेळी किती कण फिरवता येतील, हे चाकोरी ठरवते. हा झगडा ज्या ठिकाणी मराठी माणसांच्या निकट झाला ते ठिकाण म्हणजे इंदूर.

होळकरांच्या या शहरात सुखनिवास तलावाच्या परिसरात १९ फेब्रुवारी १९८४ रोजी प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. २००५ च्या अखेरीस त्याला राजा रामण्णा यांचे नाव दिले गेले. पहिले संचालक डॉ. दि. दे. भवाळकर हे लेसरशास्त्रज्ञ. मुंबईत त्याआधी कणवेगवर्धक नव्हते असे नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत कुलाब्याला १९८० च्या दशकाच्या अखेरीस १४० लाख व्होल्टचा पेलेट्रॉन उभा राहिला आणि पुढे त्याला अतिवाहक जोडयंत्रही लाभले. पण ती सरळ रेषेतली यंत्रे. वर्तुळात इलेक्ट्रॉन तासन्‌तास साठवून ठेवायचे आणि त्यांनी वळणावर टाकलेला प्रकाश संशोधनाला वापरायचा, हा उद्योग इंदूरने आरंभला. 'इंडस-१' हे वर्तुळ १९ मीटरहून थोडे कमी परिघाचे. त्यात १९९९ मध्ये इलेक्ट्रॉन साठवले गेले. 'इंडस-२' चा परीघ १७२ मीटर, ऊर्जा २५० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट. ते २००५ मध्ये चालू झाले.

इंडस-२ मधला इलेक्ट्रॉन सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या घालतो. वर्तुळात २९१ पुंजक्यांना जागा आहे. दोन पुंजक्यांमध्ये अंतर साठ सेंटीमीटर. आता देवळातली घंटा डोळ्यांपुढे आणा. एकाने वाजवली, नाद विरायच्या आत दुसऱ्याने टोला दिला. टोल्यांची लय नादाशी जुळली की घंटा घुमू लागते. धातूच्या पोकळीचेही तसेच. जो नाद आपल्याला हवा असतो, धक्का देणारा, त्याखेरीज तिच्यात कितीतरी नको असलेले नाद दडलेले असतात. पुंजक्यांच्या लयीशी त्यांतला एखादा जुळला की सारी माळ डोलू लागते आणि साठवलेले इलेक्ट्रॉन निसटतात.

इंदूरच्या लोकांनी यावर केलेला उपाय आम्हांला फार आवडतो. घंटा बदलता येत नाही, पण तिची उष्णता बदलता येते. पोकळीभोवती खेळणाऱ्या पाण्याचे तापमान अंशाच्या लहान भागापर्यंत नेमके राखले की धातू डोळ्यांना न दिसेल इतका फुगतो वा आक्रसतो, आणि घातक नाद लयीपासून बाजूला सरकतो. चारही पोकळ्यांना सोसवेल असे तापमान शोधत राहायचे. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक पुंजका किती ढळला हे मोजून, पुढच्या फेरीला तो आला की उलट दिशेने तेवढाच धक्का देणे. आणि हे पुंजक्यागणिक, अखंड. याखेरीज नळीतल्या उरल्यासुरल्या हवेचे आयन इलेक्ट्रॉनांच्या माळेत अडकू नयेत म्हणून अशा यंत्रांत माळेचा काही भाग मुद्दाम रिकामा ठेवतात. पोकळ्यांना बळ पुरवणाऱ्या क्लायस्ट्रॉन नळ्या परदेशांतून मिळवणे जिकिरीचे झाले, तेव्हा तेथल्याच लोकांनी घन-अवस्था प्रवर्धक घडवून त्यांची जागा भरून काढली.

इंडस-२ च्या आराखड्यात ३०० मिलिअँपिअर प्रवाह धरला होता. पूर्ण ऊर्जेला, अनेक वर्षांच्या खटपटीनंतर गाठला तो २००. हा आकडा यशाचा की अपयशाचा? वृत्तपत्री इतिहासाला यातला एकच शब्द चालतो. २०० च्या आकड्यात किती रात्रींचे जागरण साठले आहे, ते त्या यंत्राच्या नियंत्रण-कक्षातल्या नोंदवह्यांवाचून कळणार नाही. अमुक वाजता भरणा सुरू, अमुक ऊर्जेला शलाका गेली, तापमान पाव अंशाने वाढवले, पुन्हा भरणा. बखरी, रोजनिशा, रोजकीर्दी हे साहित्याच्या अभ्यासाचे साधन आहे असे आम्ही वर्गात सांगतो, आणि ते सांगताना अठराव्या शतकापाशीच थांबतो. विसाव्या शतकाच्या रोजकीर्दी अशाच कक्षांत लिहिल्या गेल्या आहेत.

सर्नच्या मोठ्या वर्तुळाशी इंदूरचा थेट संबंध आहे. त्यातले १,२३२ मुख्य चुंबक, प्रत्येक पंधरा मीटर लांब आणि तीस टनांहून जड, ज्या टेकूंवर बसवून केसाहूनही कमी फरकाने सरळ करतात, ते सुमारे ७,००० टेकू भारताने पुरवले आणि त्या कामाचे केंद्र इंदूर होते. आवराचे बारीक दोष सुधारणारे शेकडो छोटे चुंबकही येथूनच गेले. १० सप्टेंबर २००८ रोजी त्या वर्तुळात प्रथम शलाका फिरली, तेव्हा आपल्या वाहिन्या कृष्णविवर आणि जगबुडी यांच्या वार्ता देत होत्या. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, दोन चुंबकांमधला विजेचा एक सदोष जोड वितळला, अनेक टन हेलियम बोगद्यात पसरला आणि कित्येक चुंबक टेकूंवरून सरकले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला. जगबुडीच्या तुलनेत एका सांध्याची ही बातमी फिकी होती. ती आली आणि गेली.

सांध्यावरून आपला घाटातला सांधा आठवला. पूर्ण क्षमतेने भरलेल्या एका शलाकेतली ऊर्जा आराखड्याप्रमाणे ३६२ दशलक्ष जूल होते. सर्नची माणसे ती समजावून सांगताना ताशी १५० किलोमीटरने धावणाऱ्या ४०० टनी आगगाडीचे उदाहरण देतात. अशी गाडी टीचभर नळीतून फिरते आहे. ती ढळली तर काय करायचे? वर्तुळातून फुटून जाणारी एक वाट ठेवली आहे, तिच्या टोकाशी ग्राफाइटचा लांब ठोकळा. हजारो मापकांपैकी एकाने जरी 'ठीक आहे' म्हणायचे थांबवले, किंवा ते सांगणारी तार तुटली, तरी शलाका काही फेऱ्यांच्या आत त्या वाटेला लागते. संकटाचा इशारा यावा लागत नाही. ठीक असल्याचा निरोप थांबणे पुरेसे असते. आंधळ्या रुळाकडे मुळातच वळवून ठेवलेला सांधा हाच. घाटातल्या कोणा अभियंत्याकडून सर्नने तो घेतला असे आमचे म्हणणे नाही. उताराशी ज्यांची गाठ पडते, त्या सर्वांना तो कधीतरी सुचतो.

त्याच बोगद्यात आधी दुसरे यंत्र होते. त्यातील इलेक्ट्रॉनांची ऊर्जा दिवसातून कमीअधिक होते असे दिसल्यावर १९९२ मध्ये कारण सापडले: चंद्र. भरती-ओहोटीने समुद्राबरोबर जमीनही उचलली जाते, आणि २७ किलोमीटरच्या परिघात मिलिमीटरभर फरक पडतो. तो हिशेब मांडून झाल्यावरही दिवसाउजेडी एक बारीक थरथर उरलीच. रात्री मध्यरात्रीनंतर काही तास ती थांबे. कोडे १९९५ मध्ये सुटले. जवळून जाणाऱ्या फ्रेंच लोहमार्गावर १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह वापरीत. १९२९-३० मध्ये खंडाळ्याचा घाट विजेवर आणला तेव्हा आपल्याकडेही तोच निवडला होता. रुळांतून जमिनीत झिरपणारा त्याचा अंश बोगद्यातल्या नळीपर्यंत पोहोचून चुंबकांना डिवचीत होता. त्या वर्षी फ्रान्समधल्या रेल्वे कामगारांनी संप केला. गाड्या उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशीची आलेखावरची रेघ सरळ आली.